सातपैकी दोन लक्षणं

नाव: अनंत वाकणकर. वय: त्रेचाळीस. राहणार: कसबा पेठ. हुद्दा: सहायक प्राध्यापक, राज्यशास्त्र, तासिका तत्त्वावर. सेवा: चौदा वर्षे, दर उन्हाळ्यात खंडित. पात्रता: पदास आवश्यक, त्याहून बरीच अधिक. वर्तणूक: समाधानकारक. ओळखीची खूण: कुठल्याही पुढाऱ्याचे नाव निघाल्यास 'व्याख्या काय?' असे विचारतात.

तासिका तत्त्व म्हणजे तास चालू असेपर्यंत माणूस प्राध्यापक. घंटा झाली की नुसता अनंत.

तो शिकवायचा त्या वारज्यातल्या कॉलेजात राज्यशास्त्राची एक कायम जागा अकरा वर्षांनी निघाली होती. मुलाखती ऑगस्टमध्ये. प्राचार्य कानाशी येऊन म्हणाले होते, "तुमचंच आहे हो, फक्त शांत राहा." अनंत शांतच होता. आयुष्यभर त्याने एकच काम केलं होतं, लोकानुनयी नेत्यांचा तक्ता. 'जनता म्हणजे मीच, बाकीचे जनतेचे शत्रू' असं सांगणारे अकरा देशांतले पुढारी आडवे, त्यांची सात लक्षणं उभी. पाच लक्षणं जुळली तरच शिक्का बसायचा. चार जुळलेल्या एका पुढाऱ्यावरून तो दोन वर्षं अस्वस्थ होता.

शिकवायची त्याची एक पद्धत होती. परदेशी भाषण मराठीत करायचं, देश आणि नाव खोडायचं, वर्गात वाचायचं आणि विचारायचं, हा कोण? जुलैत त्याने दक्षिण अमेरिकेतलं एक भाषण वाचलं. "माझ्यावर बोट म्हणजे या मातीवर बोट. तुम्ही निवांत निजावं म्हणून मी जागा आहे."

"आप्पा!" मागच्या बाकावरून संस्कृती ओरडली. "सर, गॅदरिंगला सेम हेच बोलले होते!"

"देश कुठला?" अनंतने शिस्तीत विचारलं.

"वारजे!" अख्खा वर्ग म्हणाला.

कोणीतरी व्हिडिओ काढला होता. दत्तोबाआप्पा म्हणजे संस्थेचे अध्यक्ष. कॉलेज उभं आहे ती जमीन एके काळी त्यांचीच. जेवणाच्या सुट्टीत व्हिडिओ त्यांच्यापर्यंत पोचला. चार वाजता प्राचार्यांचा निरोप आला: लेखी खुलासा द्यावा.

"एक ओळ लिही," खराडीच्या ऑफिसातून दमून आलेली ऋतुजा, त्याची बायको, म्हणाली. "घडल्या प्रकाराबद्दल दिलगीर आहे. पूर्णविराम."

"पण घडलेला प्रकार चुकीचा आहे."

"मग तेच लिही की."

"तेच लिहितोय."

त्याने साडेतीन पानं लिहिली. खाली नऊ तळटीपा. तिने शेवटचं पान वाचलं आणि खाली ठेवलं. "अनंत, हे देऊ नकोस." तो म्हणाला, "अगं, मी त्यांची बाजूच घेतलीय." ही त्याची प्रामाणिक समजूत होती. त्याला प्रामाणिकच समजुती होत्या.

आप्पांनी त्याला समोर बसवून खुलासा वाचला. चष्मा नाकावर, बोट ओळीवर.

"सर, ह्यात माफी कुठं हाय?"

"माफीचा प्रश्नच येत नाही, आप्पा. विद्यार्थ्यांचं निदान चुकलंय. तुम्हाला सातपैकी दोनच लक्षणं लागू होतात."

"दोनच?"

"लोकानुनयी नेत्याला लोक लागतात. निवडणूक हरायची भीती लागते. आपण एकोणीस वर्षं बिनविरोध आहात आणि मंडळातले बारापैकी नऊ सभासद आपले नातेवाईक. शास्त्रीयदृष्ट्या आपण सरंजामी आश्रयदाते ठरता. पान तीन, तळटीप सात."

आप्पांनी तळटीप सात वाचली. खाली पाहतच म्हणाले, "पोरं काय म्हनत होती, मी परदेशातल्या मोठ्या लोकांसारखा बोलतो. हसली असतील, हसू दे. आमच्या नातवानं तो व्हिडिओ स्टेटसला ठेवलाय."

अनंतने मनातल्या मनात लक्षणं पुन्हा मोजली. दोनच.

"पोरांनी बसवलं होतं त्यांच्यात. तुमी उठवलंत." आप्पांनी कागदाची नीट घडी घातली. "चहा घ्या. लई अभ्यास हाय तुमचा."

चहा चांगला होता. त्यानंतर कोणी त्याला काही बोललं नाही. नोटीस नाही, चौकशी नाही. पुढच्या सोमवारी फलकावर नवं वेळापत्रक लागलं, त्यात त्याचे तास नव्हते. प्राचार्यांनी समजावलं, "तुम्हाला काढलेलं नाही हं. काढायला आधी नेमलेलं असावं लागतं." हे वाक्य व्याख्येच्या दृष्टीने बिनचूक होतं आणि अनंतला ते मान्य करावं लागलं.

मुलाखतीचं पत्र मात्र आलं होतं, टपालाने, नियमाप्रमाणे. ऋतुजाने त्याचा शर्ट इस्त्री केला.

निवड समितीच्या इतिवृत्तात नोंद आहे: 'सदर पदाकरिता एकही पात्र उमेदवार उपस्थित न राहिल्याने पद रिक्त ठेवण्यात येत आहे.'

अनंत वाकणकर त्या दिवशी सकाळी दहा ते संध्याकाळी पाच दाराबाहेरच्या बाकावर बसून होते.