बायकोच्या घड्याळाचं तेलपाणी

न्यूमा जाकोचा देवावर विश्वास नव्हता, तेलावर होता. ला शो-द-फों या आमच्या स्विस घड्याळजींच्या गावात हे खपून जातं. आमच्या गावात चर्चला न जाणाऱ्याला लोक ओळख देतात. घड्याळ वेळच्या वेळी तेलपाण्याला न देणारा दिसला की मात्र रस्ता ओलांडून पलीकडच्या फुटपाथने जातात.

न्यूमाचं दुकान म्हणजे राहत्या घराचीच पुढची खोली. ओळीने खिडक्या, खिडक्यांना चिकटून छातीइतक्या उंचीचं टेबल, टेबलावर काचेच्या घुमटांखाली उघडी पडलेली घड्याळं. जुनं मनगटी घड्याळ घेऊन कुणी आलं की न्यूमा आधी घड्याळाकडे बघायचाच नाही. तो माणसाकडे बघायचा. पोराचा ताप डोक्यात जाईपर्यंत घरगुती काढे पाजत बसलेल्या बापाकडे डॉक्टर बघतो, तसं. मग भिंग डोळ्याला. मग उसासा. आणि मग प्रवचन.

प्रवचन ठरलेलं होतं. चाकांच्या टोकांना जे माणकाचे खळगे असतात, त्यांत डोळ्याला दिसणारही नाही एवढा तेलाचा थेंब असतो. तो पाच-सहा वर्षांत चिकट होतो, मग सुकतो, मग धातू धातूला खायला लागतो. "चालू आहे म्हणजे बरं आहे असं समजू नका," न्यूमा सांगायचा, "चालू असलेलंच घड्याळ आतून मरत असतं." हे वाक्य तो अशा थंडपणे टाकायचा की लग्न झालेली गिऱ्हाइकं उगाचच खिडकीबाहेर बघायला लागत.

कामात मात्र खोट नव्हती. माळ्यावरच्या ट्रंकेत गंजून पडलेली, कुणा आजोबांबरोबर तळ्यात बुडून वर आलेली, मावशीने लग्न मोडल्यावर भिंतीवर फेकलेली, असली घड्याळं तो चालती करून द्यायचा. तबकडीवरचे डाग पुसायचा नाही. वय लपवणारी बाई आणि वय लपवणारं घड्याळ दोन्ही आपल्याला चालत नाहीत, असं म्हणायचा. बायको ऐकत असली तरी म्हणायचा. आणि आमच्या धंद्याच्या रिवाजाप्रमाणे काम संपलं की झाकणाच्या आतल्या अंगाला सुईच्या टोकाने आपली खूण नि साल कोरायचा. घड्याळ उघडणारा प्रत्येक कारागीर हे करतो. पुढचा माणूस झाकण उघडतो आणि त्याला कळतं, आधी इथे कोण येऊन गेलं. या खुणा पुसणं म्हणजे न्यूमाच्या लेखी कबरीवरची नावं खरवडणं. एका सभासदाने झाकण आतून पॉलिश केलं म्हणून न्यूमाने त्याला घड्याळप्रेमी मंडळातून काढायला लावलं होतं. तो बिचारा पुढे पोस्टाची तिकिटं जमवायला लागला.

आता या सगळ्या विद्वत्तेत एक भोक होतं, आणि ते न्यूमाच्या बायकोच्या मनगटावर होतं.

मार्सेलीनशी लग्न ठरलं तेव्हा न्यूमाने तिच्यासाठी एकोणीसशे तीसच्या दशकातलं एक बायकी घड्याळ नव्याने उभं केलं होतं. वालाच्या दाण्याएवढं यंत्र, आणि मोडकळीला आलेलं. त्याने त्याचं एकेक चाक साफ केलं, तुटलेली कमान बदलली, केसाइतकी बारीक स्प्रिंग चिमट्याने सरळ केली, तेल घातलं, झाकणाच्या आत बरोबर मधोमध आपलं नाव आणि लग्नाचं साल कोरलं. त्यानंतर ते घड्याळ त्याने कधी उघडलं नाही. आणि ते कधी थांबलं नाही.

या गोष्टीचा त्याने पुढे धर्म केला. संध्याकाळी कॅफेत जेन्शनच्या कडू दारूचा पेला पुढे ठेवून तो सांगायचा, "मार्सेलीनचं घड्याळ घ्या. मी एकदा हात लावला. पस्तीस वर्षं होतील. परत उघडावं लागलं नाही." ऐकणारे सगळे एक तर घड्याळजी, नाहीतर घड्याळजींचे मुलगे. तेल सुकतं हे त्यांना आईच्या दुधाबरोबर कळलेलं. पण ते पेल्यात बघत माना डोलवायचे. एदगार नावाचा त्याचा जुना सोबती तर मुद्दाम विचारायचा, "मास्तर, कुठलं रे तेल ते?" न्यूमा म्हणायचा, तेलाचा प्रश्न नाही, हाताचा आहे. म्हणजे जगभरच्या घड्याळांतलं तेल सुकतं, पण नवऱ्याने एकदा बायकोच्या घड्याळात घातलेलं तेल जन्मभर पुरतं. असा सिद्धांत बाकी पुरुषही बाळगून असतात. फक्त कॅफेत मोठ्याने मांडत नाहीत.

एका वर्षी घड्याळप्रेमी मंडळाने त्याला वार्षिक सभेत भाषणाला बोलावलं. शहाण्याने एखादं नामांकित घड्याळ दाखवलं असतं. न्यूमाने जाहीर केलं की आपण मार्सेलीनचं घड्याळ सर्वांसमक्ष उघडणार. झाकणाच्या आत एकच खूण, एकच साल. ज्याला शंका असेल त्याने आपलं भिंग घेऊन यावं. पत्रकात छापून आलं, बेकरीच्या दारावर लागलं.

मार्सेलीनने ते बेकरीच्या दारावरच वाचलं. घरी येऊन तिने कोट खुंटीला लावला आणि दुसरं एखादं घड्याळ ने म्हणून सुचवलं. न्यूमा हसला. सभेच्या दिवशी दुपारी तिने मनगटावरून पट्टा सोडला, क्षणभर घड्याळ मुठीत धरलं आणि त्याच्यापुढे ठेवलं.

"आधी घरी एकदा उघडून बघ," ती म्हणाली.

"कशाला?"

"धूळबीळ असेल."

धुळीचा मुद्दा त्याला पटला. इतक्या वर्षांची धूळ भर सभेत निघणं बरं नव्हे. ती स्वयंपाकघरात गेल्यावर त्याने भिंग चढवलं, पातं झाकणाच्या फटीत घातलं आणि हलकेच पिळलं. टक असा आवाज झाला.

मधोमध त्याचं नाव होतं. ठसठशीत, तरुण, थोडंसं उर्मट. आणि त्याच्या चारी बाजूंना जंगल उगवलं होतं.

तीन रेघांचं फरचं झाड, खाली साल. त्याच्याशेजारी आणखी एक झाड, आणखी एक साल. मग आणखी. पाच-सहा वर्षांच्या अंतराने, वेळच्या वेळी, जसं न्यूमा सगळ्यांना बजावायचा अगदी तसं. ही खूण त्याला पाठ होती. सीमेपलीकडच्या, फ्रान्समधल्या मोर्तो गावातल्या सेलेस्तां फेव्रची. त्याच्या हातून गेलेली घड्याळं न्यूमाकडे यायची तेव्हा न्यूमा म्हणायचा, आला बघा फ्रेंच नाताळ.

माणसाला अशा वेळी निदान एक सोय हवी असते: समोरच्याचं काम वाईट निघावं. न्यूमाने ती सोय शोधली. एकाही स्क्रूची खाच फाटलेली नव्हती. माणकांच्या खळग्यांत तेल होतं, गोल, स्वच्छ, काठाला न लागलेलं. आणि लग्नाच्या घाईत त्याच्याकडून स्प्रिंगच्या शेवटच्या वेढ्यात एक बारीकसा बाक राहून गेला होता, जो आपल्याशिवाय कुणाला माहीत नाही असं तो समजत होता. तो बाक कुणीतरी सरळ केला होता. बोभाटा न करता.

मोर्तो. आगगाडीने जाऊन संध्याकाळी परत. मार्सेलीन तिथून धुरी दिलेलं सॉसेज आणायची. इकडे त्याच चवीचं मिळत नाही म्हणायची. न्यूमा ते बटाट्यांबरोबर खायचा आणि फ्रेंचांना एवढं एकच जमतं म्हणायचा.

सभेला अवकाश होता. टेबलाच्या खणात पॉलिशची डबी होती, शेजारी घासायचं छोटं लोकरी चाक. जंगलतोडीला फार वेळ लागला नसता. ज्या गुन्ह्यासाठी त्याने एका माणसाला तिकिटांकडे धाडलं होतं, त्याची सगळी हत्यारं हाताशी होती. त्याने डबी उघडली. झाकण बोटांत धरलं. त्याला आता दोन गोष्टींपैकी एकच वाचवता येणार होती, कॅफेतलं आपलं नाव किंवा आयुष्यभर सांगितलेलं तत्त्व. बायकोचा विचार त्या हिशेबात अजून आलेलाच नव्हता, हे आपलं सांगून ठेवलेलं बरं.

मार्सेलीन दारात उभी होती. हात अ‍ॅप्रनला पुसत.

"कधीपासून?" त्याने मान वर न करता विचारलं.

"लग्नानंतरच्या तिसऱ्या हिवाळ्यापासून. थांबलं होतं."

"मला सांगायचंस."

"सांगितलं होतं की. इथेच आणून ठेवलं होतं, टेबलावर. तू वर काचेचा घुमट ठेवलास आणि म्हणालास, ईस्टर होऊ दे. मी ईस्टर होऊ दिला. दुसरा पण होऊ दिला. घुमटावर धूळ साचली, तेव्हा उचललं. तुला कळलंही नाही."

न्यूमाला काहीतरी बोलायचं होतं, आणि जे तोंडात आलं ते असं: "फ्रेंच माणूस, मार्सेलीन."

"फ्रेंच असेल. पण द्यायला गेलं की विचारतो, रोज घालता का, झोपताना काढता का, कुठल्या कुशीवर झोपता. घड्याळाची चाल कशी लावायची ते त्यावरून ठरतं म्हणे." ती जवळ आली, तिने डबीकडे बघितलं. "पुसायचं तर पूस. माझं काही म्हणणं नाही. पण चाक फिरवलंस की आधी तुझंच नाव जाईल. मधोमध तूच बसलायस."

ती सूप ढवळायला गेली. न्यूमाने डबी बंद केली. तत्त्वासाठी की नावासाठी, हे त्याने स्वतःलाही विचारलं नाही.

सभेला जुन्या शाळेचा हॉल भरला होता. आमच्याकडे नाटकाला एवढी माणसं येत नाहीत. कुणाच्या तरी घड्याळाचं झाकण निघणार म्हटलं की येतात. न्यूमा उभा राहिला. तेलावरचं भाषण त्याने निम्म्यावर सोडलं, घड्याळ उघडलं आणि झाकण मखमलीच्या तबकात ठेवून पहिल्या रांगेत दिलं. "मी म्हणत होतो एकच खूण आहे," तो म्हणाला, "बघा." आणि खाली बसला.

तबक फिरायला लागलं. त्या हॉलमध्ये प्रत्येकाच्या खिशात भिंग. एक डोळा मिटायचा, झाकण उजेडाला धरायचं, पुढे सरकवायचं. न्यूमा प्रत्येक चेहऱ्याकडे बघत होता. त्याने हशा येईल असं धरलं होतं, निदान कुजबुज तरी. काहीच नाही. लोक झाकण असं बघत होते, जसं आपण शेजाऱ्याकडचं कॅलेंडर बघतो.

तबक म्हाताऱ्या युगेतकडे पोचलं. या बाईने उभं आयुष्य घरातल्या खिडकीशी बसून कारखान्यांसाठी स्प्रिंगा जुळवल्या होत्या. तिने भिंग लावून शेवटचं झाड निरखलं आणि शेजारणीला सांगावं तसं, पण हॉलभर ऐकू जाईल असं म्हणाली, "यंदाच्या झाडाची रेघ थरथरलीय. थकला गं सेलेस्तां."

"यंदा आपण गेलो तेव्हाच हात कापत होता त्याचा," शेजारीण म्हणाली.

एदगार न्यूमाला समजावणीच्या सुरात सांगत होता, "मास्तर, आम्हाला वाटलं तुला माहीतच असेल. सॉसेज तर तूही खातोस." आणि बोलता बोलताच तो अडखळला. सॉसेज त्याच्याही घरी येत होतं. त्याने मान वळवून युगेतच्या शेजारणीकडे बघितलं. ती त्याची बायको होती.

फेव्रच्या दुकानात भिंतीशी एक लांब बाक आहे. आमच्या गावातल्या घड्याळजींच्या बायका वर्षानुवर्षं त्या बाकावर बसत आल्या आहेत, पिशव्या मांडीवर घेऊन, एकमेकींना जागा करून देत. जगात कुठेही इतक्या नामांकित कारागिरांची कुटुंबं एका बाकावर जमत नसतील. पुरुषांना फक्त मार्सेलीनबद्दल माहीत होतं. कारण ते दुसऱ्याच्या बायकोबद्दल होतं. त्या रात्री सभा ठरल्यापेक्षा लवकर आटोपली, वाईनच्या बाटल्या तशाच राहिल्या, आणि गावात पुष्कळ घरी कोट न काढताच झाकणं उघडली गेली म्हणतात.

न्यूमा आणि मार्सेलीन चालत घरी आले. बर्फ दबून कडक झालं होतं, पायाखाली बघत चालणं भाग होतं, ते बरंच झालं. कॅफेतलं नाव गेलं होतं, आणि त्याचं त्याला फारसं काही वाटत नव्हतं. सगळ्यांचंच गेलं होतं. जे वाटत होतं त्याला त्याच्याकडे शब्द नव्हता. चाक नेमकं कुठे अडतंय हे कळत नाही, पण अडतंय हे बोटांना कळतं, तसलं काहीतरी.

घरी आल्यावर त्याने टेबलावरची सगळी उघडी घड्याळं एका कडेला सारली. मधली जागा रिकामी केली, फडक्याने पुसली. मग दिव्याखाली हात पुढे केला.

"दे. मी करतो."

"काय करतोस?"

"तेलपाणी."

मार्सेलीनने घड्याळ कानाशी धरलं आणि पट्टा मनगटाला बांधला. "यंदाच झालंय," ती म्हणाली. "चाललंय छान. थांबलं की देईन."

ज्याने जन्मभर सांगितलं की थांबायची वाट बघू नका, तोच आता थांबायची वाट बघणार होता. त्याने दिवा मालवला.

तेव्हापासून न्यूमा कॅफेत कमी येतो. जेवताना मार्सेलीनने मीठदाणी पुढे केली की तो मीठ घ्यायचं विसरतो आणि तिच्या मनगटाकडे कान देतो. एखाद्या टिकटिकीला किंचित उशीर झालाय असं त्याला वाटतं, आशा पालवते, आणि पुढची टिकटिक वेळेवर पडते. मोर्तोच्या थरथरत्या म्हाताऱ्याने काम चोख केलंय. टेबलाच्या मधली जागा न्यूमाने रिकामीच ठेवली आहे, आणि गिऱ्हाइकांना आता तो उसासा टाकत नाही. घड्याळ थांबल्यावर आणलंत याबद्दल काहींचे तर त्याने आभारही मानलेत.