दिगंबर सरांचा सातवा दिवस

तालमीला गेलं की दिगंबर सर आधी बसायला लावायचे. आम्ही दहा-बारा पोरंपोरी संवाद म्हणायला आसुसलेलो, आणि हे आपले शांतपणे म्हणणार, "आधी बसा. हातपाय गप ठेवून बसता आलं, की नाटक आलंच." आमच्या तेरखेड्यात बाया सकाळी उठल्यापासून फटाक्यांत दारू भरतात, सुतळ्या गुंडाळतात. तिथं नुसतं बसणं म्हणजे आळशीपणा. सरांना त्याचंच भारी कौतुक.

सर अलिबागकडं मास्तर होते, निवृत्त होऊन गावी आले. तिकडं ते एका ज्यू आजीच्या घरात भाड्यानं राहायचे. तेल गाळणारं घराणं, पण शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणायचे. त्या आजीकडून ऐकलेली जगाच्या जन्माची गोष्ट सरांनी आम्हाला सांगितली. देवानं सहा दिवसांत उजेड, आभाळ, झाडं, सूर्यचंद्र, जनावरं आणि माणूस घडवला, सातव्या दिवशी विसावा घेतला. "विसावा म्हणजे उरलासुरला वेळ नव्हे रे," सर म्हणायचे, "तोही घडवावा लागतो. त्या दिवशी घाण्याचा बैलसुद्धा सुटा!"

याचंच नाटक करायचं ठरलं, गावानं गावासाठी. पहिल्या दिवसाचा उजेड एका फुलबाजीचा, चौथ्या दिवसाचा सूर्य म्हणजे भुईचक्र. सातवा दिवस मी सुचवला. कामावरच्या बायांना स्टेजवर बोलवायचं, खुर्चीवर बसवायचं, आम्ही त्यांना पाणी द्यायचं. बस्स, एवढंच. सरांच्या डोळ्यांत पाणीच आलं. "नंदे, याच्यासाठीच तर सहा दिवस खपायचं!" पहिल्या खुर्चीवर माझी आई, हेही त्यांनीच ठरवलं. घरी येऊन तिला म्हणाले, "वहिनी, तुम्ही काही करायचं नाही. बसायचं फक्त." आई इतकी लाजली की पदर तोंडाला लावून आत पळाली. पण त्याच संध्याकाळी तिनं ठेवणीतली साडी काढून पेटीतला वास घालवायला झटकून ठेवली.

मांडव, दिवे, स्पीकर, सगळं एका फटाका कारखान्याच्या मालकांनी दिलेलं. नाटकाच्या रात्री ते पुढच्या सोफ्यावर बसले होते. सहावा दिवस झाला, आमचा मातीचा माणूस उठून उभा राहिला, टाळ्या पडल्या. स्टेजच्या बाजूला आई साडी सावरत उभी, तिच्यामागं बाकीच्या बाया. मी खुर्ची उचलली. तेवढ्यात सर माईकवर गेले आणि म्हणाले, "मंडळी, आपलं नाटक इथं संपलं." मग खाली उतरून त्यांनी मालकांना हार घातला. मी खुर्ची धरून तशीच. आईनं हळूच विचारलं, "नंदे, आता बसायचं न्हाय का गं?"

सकाळी मी सरांच्या दारात जाऊन भांडले. खोटं कशाला बोलू, तोंडाला येईल ते बोलले. सर मान खाली घालून म्हणाले, "काल दुपारी मालक म्हणाले, बायांच्या डोक्यात सुट्टीचं खूळ घालू नका. नाहीतर मांडव काढतो. पोरी, सहा दिवस तरी वाचले ना?"

"तुमचे वाचले, सर! आमचा एकच होता."

मालकाचा मला एवढा राग आला नाही. मालक तो, मालकासारखाच वागणार. पण विसाव्याचं वेड ज्या माणसानं लावलं, त्यानंच घात करावा? आणि दुपारी कळलेलं आम्हाला एका शब्दानं सांगूही नये? माझी आई तिथं नटून उभी होती हो! त्यांनी खूप दिलं मला, उभं राहायला, बोलायला शिकवलं. म्हणूनच ते जास्त लागलं, अजून लागतं.

यंदा सरांनी अंथरूण धरलं. आईच म्हणाली, "चल, बघून येऊ. शिकिवलंय त्यांनी तुला." सर पार वाळले होते, आवाज खोल गेलेला. आम्हाला पाहून त्यांनी खाटेजवळच्या खुर्चीकडं हात केला.

"आधी बसा, वहिनी."

आईनं खुर्चीकडं पाहिलं. पदर सारखा केला आणि उभीच राहिली.

"न्हाय सर. कामावर जायचंय."

दिवाळी होऊन गेली होती. कारखाने बंद होते.