मशीनला शिकवलेला लाभ

सप्रेम नमस्कार. आज बेळगावहून कोऱ्या फ्लॉपींचं खोकं आलं, दोनशे चाळीस रुपये. बसवाल्याला वर पाच.

आमची सुमन दुकानाच्या हिशेबाचा प्रोग्राम बनवते. तो सुधारला की नव्या प्रतीला नंबर मी टाइप करायची. आता नंबर घालणं, प्रती काढणं कॉम्प्युटर आपलं आपण करील, अशी सोय तिनं केली.

सकाळी चालू केलं, तर ते पहिल्याच प्रतीवर अडलं. भात मापताना आपण पहिल्या मापाला एक न म्हणता ‘लाभ’ म्हणतो, तसंच मी तिथं घातलं होतं. पुढं दोन, तीन, चार.

“आई, ह्याला आकडाच पायजे. लाभ काढून एक घालू?”

“घाल की. मशीन तुझं हाय.”

म्हणाले खरी, पण लक्ष्मीचं माप पुसायचं म्हणून जीव कासावीस झाला. सुमननं माझ्याकडं पाहिलं आणि बराच वेळ काहीतरी टाइप करत बसली.

“शिकवलं बघ त्याला. लाभ म्हणजे एक.”

पडद्यावर लाभ, दोन, तीन, चार आलं आणि पाचवी प्रत आपसूक तयार झाली. मी हात जोडले.

तुमची लेकरंही कधी अशी तुमच्यासाठी थांबतात का? उलट टपाली कळवा.