भांडेवाल्यांची नात

सल्ला द्यायची मला भारी हौस. माहेरी असताना धाकट्या बहिणींना द्यायचे. लग्न होऊन बीडला आले आणि माझं ऐकणारं कुणी उरलंच नाही. सासूबाईंनी चार लेकरं वाढवलेली, त्यांना मी काय शिकवणार? नवरा दिवसभर दुकानात. मग दुकानाच्या कामासाठी म्हणून घरात कॉम्प्युटर आला, मागोमाग टेलिफोनच्या तारेतून इंटरनेट आलं आणि मी ब्लॉग लिहायला लागले. घरात कुणी विचारत नव्हतं म्हणून जगाला सल्ले देत सुटले. पालेभाजी धपाट्यात कशी लपवावी, लेकरू झोपायच्या वेळी पाहुणे आले तर काय करावं, शाळेत जाताना रडणाऱ्या पोराला काय बोलू नये. वाचणाऱ्या बायका मोजक्याच होत्या, पण कुठल्या कुठल्या गावांहून खाली दोन ओळी लिहायच्या. त्या दोन ओळी मी पोळ्या लाटताना मनात घोळवत राहायची.

आमचं भांड्यांचं दुकान. पुढे दुकान, मागे घर. दिवसभर ठणठणाट चालायचा. माझी मुलगी रांगायला लागल्यापासून सासऱ्यांच्या गादीवर त्यांच्या शेजारी बसायची. एकदा वरच्या फळीवरची कळश्यांची उतरंड धडाधड खाली आली. गिऱ्हाईक दचकून पायरीवर गेलं, रस्त्यावरचे लोक थांबले. ही मात्र गादीवर बसून चमचा चोखत होती. सासऱ्यांना इतका अभिमान वाटला की त्या दिवसापासून येईल त्याला ते हीच गोष्ट सांगायचे. उमापूरहून लेकीच्या लग्नाची भांडी घ्यायला आलेल्या मंडळींनाही चहाआधी ती ऐकावी लागली.

"भांडेवाल्याची नात हाय ती," ते म्हणायचे. "आवाजाला कावून भ्यावं तिनं?"

मलाही ते ऐकून बरं वाटायचं. भांड्यावर नाव कोरायचं मशीन सुरू झालं की ती धावत जायची, भांड्याला तळहात लावायची आणि खुदकन हसायची. आम्ही म्हणायचो, धंद्याची आवड रक्तातच आहे.

फक्त ती बोलत नव्हती. तिसरं वर्ष सरलं तरी एक शब्द नाही. पाणी हवं असलं की माझा हात धरून माठापाशी न्यायची. सासूबाई म्हणायच्या की हिचे वडीलही उशिराच बोलले. त्यावर आम्ही काही महिने काढले. मग घरात उपाय सुरू झाले. वेखंड उगाळून चाटवलं. दर सोमवारी महादेवाच्या देवळात उचलून घंटा वाजवायला लावली. ती घंटेला हात लावून हसायची आणि सासूबाई म्हणायच्या, बघ, देव बोलतोय हिच्याशी. शेवटी त्यांना पोपटाचा उष्टा पेरू आठवला. पोपटानं चोच मारलेला पेरू खाल्ला की लेकरू बोलायला लागतं, अशी लई पोरं त्यांनी पाहिलेली. सासरे स्कूटर काढून पालीला गेले. तिथं एका ओळखीच्या गिऱ्हाइकाची पेरूची बाग होती. तो बिचारा पाहुणचार म्हणून निवडून निवडून चांगले पेरू काढत होता आणि हे झाडाखाली वाकून चोच मारलेले वेचत होते. त्याला काही बोध होईना. दुकानात घासाघीस केली म्हणून गिऱ्हाइकाला परत पाठवणारा हा माणूस पिशवीभर टोचलेले पेरू घेऊन घरी आला.

मी ब्लॉगवर त्या पेरूंची थट्टा केली. पण पेरू धुऊन, चिरून मीच तिला भरवले. प्रत्येक फोडीसरशी मनात एकच चाललेलं. ही बोलेल ना? नाही बोलली तर मी मेल्यावर हिचं कसं होणार?

त्यात लोडशेडिंगचे दिवस. संध्याकाळी लाईट गेली की ती किंचाळायची. साधं रडणं नव्हतं ते, श्वास कोंडेपर्यंत आक्रोश असायचा. लाईट आली की सगळी गल्ली ओरडायची, तशी हीही टाळ्या पिटायची, आणि आम्हाला वाटायचं, पोरांचा ओरडा ऐकून खूश झाली. मला अंधाराच्या भीतीवर सल्ला सुचला. मी लिहिलं की अंधार झाला की लगेच मेणबत्तीकडे धावू नका. जागेवरूनच लेकराशी बोला, गाणं म्हणा. आईचा आवाज आला की लेकराला दुसरं काही लागत नाही. लेखाच्या शेवटी खरं तेही लिहिलं, की माझी लेक मात्र गाण्यानं गप्प होत नाही. तिला उचलून गालाला गाल लावावा लागतो, तेव्हा कुठे थांबते.

चार दिवसांनी खाली एका बाईंनी लिहिलं. नाव नव्हतं, नुसतं 'एक आई'. सल्ला आवडला वगैरे काही नाही. त्यांनी विचारलं होतं: "तुमची मुलगी पाठमोरी असताना हाक मारली तर वळते का? एकदा बघा. माझा मुलगाही अंधारात असाच रडायचा."

मला रागच आला. भांड्यांच्या दुकानात वाढलेल्या पोरीला ऐकू येत नाही म्हणते ही! तिला चांगलं उत्तर द्यायचं ठरवून मी उठले आणि दुकानात गेले. मुलगी गादीवर, माझ्याकडे पाठ करून चमचे रांगेत लावत होती. मी हाक मारली. मग मोठ्यानं मारली. मग सगळ्यात मोठी परात उचलली आणि तिच्या मागे फरशीवर सोडून दिली. समोरच्या टपरीवरचे लोक उठून उभे राहिले. तिनं पुढचा चमचा रांगेत ठेवला.

सासरे सवयीनं हसले आणि म्हणाले, "भांडेवाल्याची..." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या दिवशी दुपारीच त्यांनी दुकानाचं शटर ओढलं.

औरंगाबादच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की ऐकू येतं, पण फार थोडं. नशीब की अजून लहान आहे, कानाला ऐकायचं मशीन लावलं तर बोलायला शिकेल. परतीच्या एसटीत मी रडेन असं यांना वाटत होतं. मी रडले नाही. गेवराईपर्यंत मी नुसती तिच्याकडे बघत बसले. इतकी वर्षं हिनं निभावलं कसं? आजोबा घरात यायच्या आत ही दाराकडे तोंड करून उभी असायची, कारण सासूबाई डोक्यावरचा पदर सावरायच्या आणि ही त्यांच्या हाताकडे बघायची. कुकर झाला हे तिला वाफेवरून कळायचं. आम्ही तिच्यावर रागावलोय, की रागावल्याचं सोंग करतोय, हे ती आमच्या भुवयांवरून ओळखायची आणि कधी चुकली नाही. आम्हा सगळ्यांना तिनं डोळ्यांनी पाठ केलं होतं. अंधार झाला की ते सगळं एका क्षणात पुसलं जायचं, आई, घर, सगळंच, आणि मी स्वयंपाकघरात बसून गाणी म्हणायची. एवढ्याशा जिवानं एकटीनं हे सगळं उभं केलं आणि कुणाला पत्ता लागू दिला नाही. एसटीत माझे हात आपोआप जोडले गेले. देवळातही मी इतक्या मनापासून कधी जोडले नव्हते.

आणि ती बाई! माझी लेक तिनं पाहिलेली नाही, आमचं दुकान पाहिलेलं नाही. लेखाच्या शेवटच्या तीन ओळींत तिला जे दिसलं, ते एका घरात राहून आम्हाला दिसलं नव्हतं. मी तिला लांबलचक उत्तर लिहिलं. तिनं एवढंच कळवलं की मशीन लावल्यावर सुरुवातीला लेकरू काढून फेकतं, घाबरायचं नाही, रागवायचंही नाही. जगात देण्यासारखा सल्ला असाच असावा असं मला तेव्हा वाटलं, आणि अजून वाटतं.

मशीन तिनं काढून फेकलंच. एकदा डाळीच्या डब्यात लपवलं. पंख्याकडे संशयानं बघायची, नळाखाली बादली ठेवली की धावत यायची. एक दिवस मी वरणाला फोडणी दिली, तर कुठूनशी येऊन उभी राहिली. कढईकडे बघते, माझ्याकडे बघते. मी मोहरी पुन्हा टाकली. पुन्हा तडतडली. त्या दिवशी वरणात मोहरीच जास्त होती आणि कुणी तक्रार केली नाही.

मग दुकानात नोकराच्या हातून एक घागर निसटली. मुलगी गादीवरून उडाली, भोकाड पसरलं आणि आजोबांच्या धोतरात तोंड खुपसून बसली. मी आतून धावत आले. सासरे तिच्या पाठीवर हात ठेवून बसले होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"भ्याली," ते मला म्हणाले. "सूनबाई, लई भ्याली बघ."

नात घाबरली म्हणून त्यांनी अख्ख्या बाजारात पेढे वाटले. काय झालं म्हणून विचारणाऱ्याला ते खरं तेच सांगायचे आणि लोक पेढा हातात घेऊन गोंधळून बघायचे. सासूबाईंनी मात्र श्रेय पेरूलाच दिलं. मी वाद घातला नाही.

तरी अंधार राहिलाच होता. लाईट गेली की मी हातातलं टाकून तिच्याकडे धावायची, कारण माझ्याच सल्ल्यावर माझा विश्वास उरला नव्हता. एका संध्याकाळी ती पुढच्या खोलीत खेळत होती, मी स्वयंपाकघरात, दोन्ही हात कणकेत, आणि लाईट गेली. हात झटकून उठणार, तेवढ्यात कोण जाणे का, मी थांबले. बसल्या जागेवरून गाणं म्हणायला लागले. सूर तर माझा कधीच धड लागत नाही. किंकाळीची वाट बघत मी म्हणत राहिले. किंकाळी आली नाही. एक कडवं झालं, दुसरं झालं. मधल्या खोलीत कशाला तरी धडकल्याचा आवाज आला. मी गाणं थांबवलं नाही.

मग माझ्या गुडघ्याला दोन हात लागले. पदर ओढून ती मांडीत बसली आणि अंधारात माझ्या ओठांवर बोटं ठेवून ऐकत राहिली. तिला न्यायला कुणी गेलं नव्हतं. माझ्या आवाजाच्या मागं मागं ती एकटी चालत आली होती.