बोटीवरच्या सिस्टर

"हात लावू नका!"

सिस्टरांच्या तोंडून मी ऐकलेलं हे पहिलं वाक्य. त्यांची बोट नुकतीच धक्क्याला लागत होती. शेजारच्या बोटीवरचा एक सभ्य ऑस्ट्रेलियन म्हातारा मदतीला धावला आणि त्यांचा दोर खुंट्याला बांधायला लागला. त्याला मराठीचा गंध नव्हता, पण तापलेला तवा सोडावा तसा त्याने तो दोर सोडला. तुम्ही तिथे असतात तर तुम्हीही सोडला असतात.

मी कतारमध्ये, दोह्यातल्या एका मरीनाच्या ऑफिसात काम करते. मरीना म्हणजे हौशी बोटींचं बंदर. कुठली बोट कुठे लागणार, तिला वीज-पाणी मिळालं का, हे बघायचं. ऑक्टोबरात उकाडा उतरला की लांबलांबच्या शिडाच्या बोटी हिवाळा काढायला इथे येतात. बहुतेक निवृत्त नवरा-बायको, वर्षानुवर्षं बोटीवरच राहणारे. एप्रिलपर्यंत धक्क्यावर त्यांची एक वाडीच वसते. शुक्रवारी सकाळी सगळे मिळून न्याहारी करतात, वाचलेली पुस्तकं एकमेकांना देतात, कुणाचा पंप बिघडला की चौघं त्यात डोकं घालतात. मला ती माणसं फार आवडत. तेव्हा आवडत.

त्या वाडीत सिस्टर आणि त्यांचे यजमान हे एवढेच मराठी. मी साताऱ्याची आहे म्हटल्यावर सिस्टरांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, "मग एवढं हळू का बोलतेस?" मी त्यांना काकू म्हटलं, तर त्या म्हणाल्या, "काकू स्वयंपाकघरात. मला सिस्टर म्हण. तेवढं मी कमावलंय."

कमावलं होतंच. मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात त्या ऑपरेशन थिएटरच्या सिस्टर होत्या. सारी नोकरी निर्जंतुक टेबलाची राखण करण्यात गेली. कुणाचा कोपर जरी त्या टेबलाकडे वळला तरी "हात लावू नका!" सर्जनलासुद्धा. "मोठे सर्जन तर जास्तच लावतात," त्या म्हणायच्या, "त्यांना वाटतं जग त्यांचंच आहे."

यजमान कारखान्यात इंजिनीअर होते. हसरा, गप्पिष्ट माणूस. समुद्राचं वेड त्यांचं. दोघांनी ठाण्याचा फ्लॅट विकला आणि ही जुनी बोट घेतली. खोल समुद्रात सिस्टर तासन्‌तास सुकाणू धरत. पण बंदर जवळ आलं की यजमान सुकाणूवर आणि सिस्टर पुढे नाळेवर, बोटीच्या टोकाशी, हातात दोर घेऊन. "समुद्रात चालव म्हणतात मला," त्या माझ्यापाशी कुरकुरायच्या, "तिथे धडकायला काही नसतं ना!" यजमान मागून हसत म्हणायचे, "अगं, शिकवीन की." दर वेळी हेच.

शिकवायचं राहून गेलं. जानेवारीतल्या एका शुक्रवारी, न्याहारीच्या टेबलाशी बोलता बोलता ते खाली कोसळले. मी तिथेच होते, डब्यात थालीपीठं घेऊन गेले होते. सगळे नुसते उभे राहिले. सिस्टर गुडघ्यांवर बसल्या, त्यांच्या छातीवर दोन्ही हात ठेवले आणि दाबायला लागल्या. मोठ्याने मोजत होत्या. दुसऱ्या बाजूच्या बोटीवरचे कॅप्टन, व्यापारी जहाजांवरून निवृत्त झालेले दिल्लीकडचे गृहस्थ, पुढे वाकून म्हणाले, "भाभीजी, आप थक जाएँगी, मैं करता हूँ." सिस्टरांनी मान वर केली नाही. मोजणं चुकू दिलं नाही. ॲम्ब्युलन्सच्या माणसांनी अक्षरशः त्यांचे हात उचलून बाजूला केले तेव्हाच त्या थांबल्या.

उपयोग झाला नाही.

इथे आपल्याकडच्यासारखी दहनाची सोय नाही. यजमानांची पेटी घेऊन त्या विमानाने भारतात गेल्या. जाताना बोटीची जास्तीची चावी कॅप्टनकडे ठेवली, कारण बोटीत पाणी साचलं तर उपसायला कुणीतरी हवं. धक्क्यावरच्या मंडळींनी त्यांना मिठ्या मारून निरोप दिला. त्या परत येणार नाहीत हे सगळ्यांनी आपसात ठरवूनही टाकलं.

तेरावं झालं आणि त्या परत आल्या. विमानतळावर मी आणायला गेले होते. गाडीत म्हणाल्या, "दीर विचारत होता, आता तिकडे परत कशाला? म्हटलं, घरी."

मग सुरू झाली ती मदत.

मदतीबद्दल राग येणं वाईट दिसतं, मला माहीत आहे. पण तुम्हीच बघा. सिस्टर सकाळी उठून बाहेर आल्या की त्यांचा डेक कुणीतरी आधीच धुतलेला असायचा. इंजिन कॅप्टन चालू करून बघायचे. कुणी केक आणायचं, कुणी सूप. पाण्याची नळी त्या उचलायला वाकल्या की दोन पुरुष धावायचे. बोटीवरच्या बायका त्यांच्याशी आजाऱ्याशी बोलावं तसं बोलायच्या, हळू आणि शब्द तोडून तोडून. यजमान होते तेव्हा याच बाईने वादळात शीड उतरवलं होतं, आणि ते याच लोकांना ठाऊक होतं.

एका सकाळी त्यांना दिसलं की त्यांच्या बोटीचे सगळे दोर कॅप्टननी नव्याने बांधलेत. "भाभीजी, आप टेन्शन मत लो. मैं हूँ ना."

"कॅप्टनसाब," सिस्टर हिंदीत म्हणाल्या, "मैं विधवा हुई हूँ, लूली नहीं." आणि एकेक दोर सोडून त्यांनी आपल्या पद्धतीने परत बांधला. माझ्याकडे वळून मराठीत पुटपुटल्या, "चांगले बांधले होते मेल्याने. तोच तर वैताग आहे."

त्याच आठवड्यात त्या बोट धक्क्याला लावायला शिकू लागल्या. शिकवणारं कुणी नको होतं. शनिवारी मला सुट्टी असायची, तर मला नाळेवर उभं केलं, हातात एक मोठा रबरी फुगा दिला. "धक्का आणि बोट यांच्यामध्ये हा धरायचा. तुझा हात मध्ये घालायचा नाही. तुटला तर शिवता येईल मला, पण इथे सामान नाही."

पहिल्या शनिवारी आम्ही धक्क्यावर अशा आदळलो की मी पालथी पडले. सगळी वाडी काठावर जमली. "डावीकडे!" "रिव्हर्स घ्या!" "भाभीजी, थ्रॉटल कम!" सिस्टरांचा चेहरा लाल झाला होता. त्या ओरडत होत्या, पण त्या लोकांवर नाही. "शिकवीन म्हणालात ना? शिकवीन, शिकवीन! हे बघा आता!" मी मागे वळून बघितलं नाही. गेलेल्या यजमानांशी हिशेब चुकता करायला त्यांना तेवढीच जागा होती.

पुढच्या शनिवारी कमी आदळलो. त्यापुढच्या शनिवारी वारा उलटा होता, तरी त्यांनी बोट अलगद टेकवली. माझ्या हातातला फुगा दबलासुद्धा नाही. टाळ्या वाजवल्या कुणीतरी. त्या म्हणाल्या, "सर्कस आहे का?" पण त्या दिवशी मला पहिल्यांदाच त्यांनी शिरा करून खायला घातला.

आता पुढचं सांगताना माझा अजूनही तोल जातो.

एका सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघी नजमा नावाच्या वस्तीत भाजी आणायला गेलो होतो. तिथल्या एका केरळी दुकानात कढीपत्ता आणि ओला नारळ ताजा मिळतो. बसने परत आलो, पिशव्या घेऊन धक्क्यावरून चालत गेलो, तर बोटीचं दार उघडं. आतून माणसांचे आवाज येत होते.

आत कॅप्टन होते. बोट विकत घ्यायच्या विचाराने आलेलं एक अनोळखी तरुण जोडपं होतं. आणि सिस्टरांचे दीर, पुण्याहून आदल्या दिवशीच आलेले. वहिनींना कळवलंही नव्हतं, कॅप्टनशी मात्र दोन आठवडे फोन चालू होते. त्या जोडप्यातली मुलगी कपाट उघडून उभी होती. आत यजमानांचे शर्ट टांगलेले होते. ते एका हाताने बाजूला सारून ती जागा किती आहे ते बघत होती.

सिस्टरांनी पिशव्या खाली ठेवल्या. शीड ओढायच्या चाकाचा लोखंडी दांडा दाराशीच असतो, तो उचलला. मारायला नाही. नुसता हातात धरला. ती मुलगी कपाटापासून दूर झाली.

"वहिनी, आधी बसा तुम्ही," दीर म्हणाले.

"माझ्या घरात तू मला बसा म्हणतोस?"

"तुमच्या भल्यासाठीच चाललंय सगळं. एकट्या बाईने बोट ठेवायची म्हणजे... आणि दादाची बोट आहे. मी सख्खा भाऊ आहे त्याचा."

"कुणाची बोट?"

"दादाची."

"विचारलंस कधी?"

दीर कॅप्टनकडे बघायला लागले. कॅप्टन जमिनीकडे.

"दोघांची आहे," सिस्टर म्हणाल्या. "पहिल्या दिवसापासून दोघांच्या नावावर. माझाही फ्लॅट होता तो ठाण्याचा. तू एकदा फोन करून विचारलं असतंस तर सांगितलं असतं. या कॅप्टननी विचारलं असतं तर त्यांना सांगितलं असतं. रोज सूप आणायला वेळ होता सगळ्यांना."

त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. ऑफिसात मला ते माहीत होतं, कुणालाही कळू शकलं असतं. विचारावं असं एकालाही सुचलं नाही.

"भाभीजी, हम सब फॅमिली हैं यहाँ," कॅप्टन म्हणाले. "अकेली कैसे रहेंगी आप? कुछ हो गया तो?"

सिस्टरांनी रिकामा हात पुढे केला. "चाबी."

कॅप्टननी चावी दिली. सगळे एकामागून एक शिडीवरून वर गेले. दीर शेवटी होते. त्यांना थांबवून सिस्टरांनी पिशवीतला एक नारळ त्यांच्या हातात दिला. "रिकाम्या हाताने जाऊ नकोस म्हणाले असते तुझे दादा. ते असते तर त्यांनी दिला असता, म्हणून देतेय. मी दिला नसता."

त्यानंतर वाडी बदलली. शुक्रवारच्या न्याहारीला सिस्टर गेल्या की गप्पा थांबायच्या. "बिचारी, दुःखात माणसाचं असं होतं," बायका मला इंग्रजीत समजावायच्या. नाही हो. दुःख होतं ते वेगळं. तिच्या कपाटात परके हात गेले म्हणून ती चिडली होती. पण रागावलेल्या बाईला दुःखी म्हटलं की तिचं ऐकावं लागत नाही. ही सोय मी तिथे पहिल्यांदा इतक्या जवळून बघितली. त्या न्याहारीला पुन्हा जायचं मीही सोडलं.

माझ्या मॅनेजरने मला केबिनमध्ये बोलावलं. म्हणाला, तुझ्या भाषेची आहे, एकटीने बोट काढू नको म्हणून समजाव तिला, अपघात झाला तर आपल्यावर येईल. मी म्हटलं, "तिच्या नवऱ्याला विचारलं होतं का आपण, जमेल का म्हणून?" "खलास," तो म्हणाला, "यल्ला, काम कर." म्हणजे बस झालं, चल. माझा आवाज ऑफिसात एवढा मोठा त्याआधी कधी झाला नव्हता.

मार्चमध्ये उत्तरेचा वारा दोन-तीन दिवस घोंघावला आणि मवाळ झाला. सिस्टरांना तोच हवा होता. मस्कतपर्यंत टप्प्याटप्प्याने जायचं, मधे दुबईला थांबायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. परवानग्या घेतल्या, पासपोर्टवर शिक्का झाला, पाणी भरलं. कुणाला काही सांगितलं नव्हतं. तरी निघायच्या सकाळी सगळी वाडी धक्क्यावर. जो तो हात अर्धवट पुढे करून उभा, कधी धक्का मारावा लागेल, कधी दोर पकडावा लागेल म्हणून. एवढे हात मी एका वेळी कधी बघितले नव्हते.

दोर त्यांनी स्वतःच असे घेतले होते की बोटीवरूनच सुटतील. एकेक सोडला. बोट मागे निघाली. वाऱ्याने नाळ कॅप्टनच्या बोटीकडे वळली, सगळे ओरडले. सिस्टरांनी सुकाणू फिरवलं, बोट सुटली. पण जाता जाता त्यांच्या कठड्यात कॅप्टनच्या बोटीची झेंड्याची काठी अडकली, काडकन मोडली आणि झेंड्यासकट त्यांच्याबरोबर निघाली. मुद्दाम की चुकून, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. कॅप्टन झेंडा नसलेल्या बोटीवर उभे राहून बघत राहिले. हसू येत होतं मला.

दोन दिवसांत त्या जागेवर दुसरी बोट लागली. मला ती तिथे लावावी लागली, कामच माझं ते. कॅप्टन रोज ऑफिसच्या दाराशी येऊन हळूच विचारायचे, "कुछ खबर?" मी नकाराची मान हलवायचे. त्यांचा राग होता मनात, अजूनही आहे. पण तो माणूस रोज यायचा, हेही सांगायला हवं.

मग एका दुपारी फोन आला. ओमानचा नंबर.

"काय गं, पोचले."

वाटेतलं सगळं त्यांनीच सांगितलं. होर्मुझच्या सामुद्रधुनीत वळणावर मोठमोठी जहाजं, बोटीवरचं जीपीएस भलतंच काही दाखवायला लागलेलं, समुद्रात असताना म्हणे विमानतळावर आहेस. होकायंत्र आणि डोळे एवढ्यावर त्या तिथल्या डोंगराच्या टोकाला वळसा घालून गेल्या.

"घाबरलात?" मी विचारलं.

 

"वळसा घातला आणि पलीकडे मोकळा समुद्र लागला," त्या म्हणाल्या. एवढ्या हळू बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. "चहूकडे कोणी नाही. पाठीवर हात ठेवायला कोणी नाही, पाणी आणून द्यायला कोणी नाही. तेव्हा रडले बघ. ते गेल्यापासून पहिल्यांदा. नाव घेऊन घेऊन, मोठ्याने. पोटभर."

"मग?"

"मग भूक लागली. खिचडी टाकली. बरी झाली होती गं."