लिंबाच्या अलीकडे

आमच्या शेजारच्या सिस्टर दर रविवारी सकाळचा चहा झाला, की गळ्यात स्टेथोस्कोप अडकवून अंगणात येत आणि आपल्या बॅटरीच्या दुचाकीच्या पुढच्या चाकापाशी पाट मांडून बसत. मग स्टेथोस्कोपची चकती चाकाजवळ धरायची, दुसऱ्या हातानं चाक हळूच फिरवायचं आणि डोळे मिटून ऐकत राहायचं. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, निवृत्ती बाईंना मानवली नाही. मी काही बोलायला तोंड उघडलं, तर त्यांनी एक बोट वर केलं आणि म्हणाल्या, "गप, सूनबाई. डावीकडं घरघर हाय."

सिस्टर म्हणजे नळदुर्गच्या सरकारी दवाखान्यातल्या नर्सबाई. त्यांचं नाव मतदार यादीत असेल, पण गावात कुणी ते घेतल्याचं मी ऐकलं नाही. आमच्या गल्लीतल्या तिशीच्या आतबाहेरच्या बहुतेक माणसांना जन्मल्या जन्मल्या सिस्टरांनी पायाला धरून उलटं केलेलं आहे आणि रडेपर्यंत चापट्या मारलेल्या आहेत. आमच्या घरचे साहेबही त्यातलेच. बाहेर कितीही ऐट करोत, सिस्टर समोर दिसल्या की त्यांचा आवाज आपोआप खाली येतो, आणि लग्नानंतर मला ज्या गोष्टींचं सुख वाटलं त्यांत ही एक फार वरची आहे.

निवृत्त झाल्यावर लेकानं विचारलं, आई, तुला काय घेऊ? सिस्टर म्हणाल्या, गाडी. शोरूममधला पोरगा गाडी किती पळते, फोनला कशी जोडते, रंग कोणकोणते, असं पाठ केलेलं सगळं सांगत होता. सिस्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "ते ऱ्हाऊ दे. थांबती कशी?" तो म्हणाला, डिस्क ब्रेक आहे. त्यावर ह्या पदर खोचून तिथंच फरशीवर गुडघे टेकून बसल्या आणि चाकात डोकं घालून डिस्क बघू लागल्या. मी सोबत होते. शोरूममधली बाकीची गिऱ्हाइकं आमच्याकडं बघत होती आणि मी छताकडं.

त्याला कारण होतं. आमचं गाव पडलं हमरस्त्यावर. सिस्टरांनी नोकरीत जेवढी बाळंतपणं केली, तेवढीच रस्त्यावरच्या अपघातातली माणसं शिवली. "चालायचं कौतुक समद्यांनाच असतंय," त्या म्हणत. "पर माज्याकडं आलेला एक बी माणूस गाडी चालली न्हाय म्हणून आला न्हाय. थांबली न्हाय म्हणून आला."

ब्रेक साफ करणं हे त्यांच्या लेखी ड्रेसिंग होतं. स्टीलच्या ट्रेमध्ये स्पिरिटची बाटली, धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुती लुगड्याच्या घड्या, जुना टूथब्रश, छोटी बॅटरी आणि हातमोजे. आधी गाडी स्टँडवर आणि किल्ली पदराच्या गाठीला. "ही जात मुकी असती. झोपली का जागी हाय, कळत न्हाय," हे वाक्य दर रविवारी व्हायचंच. मग डिस्क थंड झाली का ते बघायचं, कारण एकदा बाजारातून आल्या आल्या त्यांनी हात लावला होता आणि अंगठ्यावर फोड उठला होता. मग घडीवर स्पिरिट घेऊन डिस्क दोन्ही बाजूंनी पुसायची, काळं येणं बंद होईपर्यंत घड्या बदलायच्या. ब्रशनं आतली धूळ झाडायची. शेवटी बॅटरी मारून डिस्कला दाबून धरणारे पॅड किती उरले ते बघायचं. रुपयाच्या नाण्याएवढी जाडी राहिली, की नवे पॅड. डिस्कला उघडं बोट लागलं, तर बोटवाल्याची खैर नसे. "बोटाला तेल असतंय. तेल आन् ब्रेक ह्यांची सोयरीक होत न्हाय," असं म्हणून त्या पुन्हा पहिल्यापासून पुसायला घेत.

ही विद्या अंगणात राहिली असती तर त्या सिस्टर कसल्या. हळूहळू गल्लीतल्या सगळ्या गाड्या तपासणीला येऊ लागल्या आणि प्रत्येक गाडीचा केसपेपर निघू लागला. एक मी स्वतः वाचला आहे. 'रुग्ण : निळी स्कूटर. तक्रार : ओरडते. इतिहास : मालकाने रॉकेल लावले. सल्ला : मालकास समज दिली.' निळ्या स्कूटरचा मालक मी शिकवते त्याच शाळेचा मुख्याध्यापक होता. समज किती दिली ते मी भिंतीपलीकडून ऐकलं, आणि दुसऱ्या दिवशी शाळेत आम्ही दोघांनी एकमेकांच्या नजरा टाळल्या.

अशी दोन वर्षं सुखात चालली होती. पण पुण्याचा लेक, अविनाश, याला आईची गाडी डोळ्यात खुपत होती. हायवेवर ट्रक आहेत, तुझं वय झालं आहे, तू रिक्षानं जात जा. रोज फोनवर हेच. सिस्टर निवृत्त झाल्या तरी वस्त्यांवरच्या बाळंतिणींना बघून यायच्या. ज्वारीच्या रानातून, बैलगाडीच्या चाकोरीतून जायचं, बाळ अंगावर पितं का बघायचं, सासूला दोन शब्द सुनवायचे आणि यायचं. तिथं रिक्षा जात नाही. एका दसऱ्याच्या आधी अविनाशचा फोन आला, की मी खंडेनवमीला येतोय, सोलापूरचा एक जण गाडी घ्यायला तयार आहे. त्या दिवशी सिस्टर आमच्या ओट्यावर येऊन बसल्या. मग म्हणाल्या, "गाडी गेली तर मी ह्या चार भिंतीत पेशंट होऊन बसंन, सूनबाई. मला सगळं येतंय, पेशंट होता येत न्हाय."

आता इथं आमच्या सासूबाईंना आणणं भाग आहे. सासूबाई भाविक, आणि खंडेनवमीला त्यांच्या भक्तीला भरतं येतं. त्या दिवशी आमच्या घरात विळी, कुकर, मिक्सर, माझा शाळेचा लॅपटॉप, साहेबांची दाढीची मशीन, सगळे हळदीकुंकू लावून ओळीनं बसतात. तर त्या सकाळी घरातलं उरकल्यावर त्यांच्या मनात आलं, सिस्टरांवर संकट आहे, त्यांच्या गाडीची पूजा आपण करू. सिस्टर आत लेकासाठी पुरण वाटत होत्या. सासूबाई ताट घेऊन गाडीपाशी गेल्या आणि त्यांची नजर डिस्कवर पडली. गोल, लखलखीत, भोकाभोकांची. देवीच्या हातातलं चक्रच. त्यांनी वाटीतलं करडीचं तेल पाची बोटांनी त्या चक्राला दोन्ही अंगांनी चोपडलं, वर हळद, वर कुंकू, आणि पाया पडून घरी आल्या. चाकाखाली चिरडायला लिंबू ठेवलं, ते वेगळंच. मला हे कळलं असतं तर मी आडवी पडले असते, पण मी तेव्हा लॅपटॉपच्या बटणांतून कुंकू झटकत होते.

अकरा वाजता अविनाश आला. पाणी प्यायला, आईच्या पाया पडला आणि म्हणाला, "गाडीची कंडिशन बघून येतो." लिंबू पायानं बाजूला केलं आणि निघाला. आमची गल्ली चौकाकडं उतरती आहे आणि उताराच्या तळाशी त्या दिवशी झेंडूच्या फुलांचा ढीग घेऊन एक मावशी बसल्या होत्या. अविनाशनं ब्रेक दाबला. ब्रेक असा किंचाळला, की सगळी गल्ली दारात आली. किंचाळला, पण धरला नाही. मागचा ब्रेक लागला म्हणून निभावलं, तरी पुढचं चाक आणि अविनाश निम्मा झेंडूत गेले. मावशी शांतपणे म्हणाल्या, "देते की दादा. उतरून तरी मागायचं."

तो गाडी ढकलत परत आला तेव्हा त्याच्या चष्म्यावर पाकळ्या होत्या. "बघ आई. ब्रेकच नाहीत हिला. आजच्या आज गाडी जाणार."

सिस्टरांचा चेहरा पडलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. त्यांच्या गाडीला ब्रेक नाहीत, आणि हे सगळ्या गल्लीसमोर. त्या खाली बसल्या. डिस्कजवळ नाक नेलं. एकदा हुंगलं, दोनदा हुंगलं, आणि म्हणाल्या, "करडी." मग मान वर करून थेट आमच्या दाराकडं पाहिलं. दारात सासूबाई उभ्या होत्या, हातात ताट, ताटात वाटी. सासूबाईंना अजून काही कळलं नव्हतं, पण मला कळलं. सिस्टरांनी एक शब्द उच्चारला असता तर गाडी वाचली असती आणि सासूबाईंना वर्षभर गल्लीत तोंड दाखवता आलं नसतं.

सिस्टरांनी नजर काढून घेतली. "तेल लागलंय. सकाळी माज्याकडनं तपासायचं ऱ्हायलं," त्या म्हणाल्या. "अविनाश, हात धू. मोजे घाल."

पुढचा तासभर त्या बोलत होत्या आणि इस्त्रीच्या शर्टातला अविनाश ऐकत होता. हळदीकुंकवाचा लगदा निघाला, डिस्क स्पिरिटनं चार वेळा पुसली. पॅड तेल प्यायले होते, ते गेले. नवे पॅड सिस्टरांच्या घरी लाडवांच्या डब्यात होते. नवा पॅड लगेच धरत नाही, त्याला डिस्कची सवय लावावी लागते, म्हणून गाडी हळू पळवून हळूच थांबवायची, असं वीस वेळा. सिस्टर वर-खाली फेऱ्या मारू लागल्या आणि गल्ली मोजू लागली. बाराव्या फेरीला झेंडूच्या मावशीही मोजायला लागल्या होत्या, दुकान सोडून.

मग सिस्टरांनी ते बाजूला पडलेलं लिंबू उचललं आणि उताराच्या तळाशी रस्त्याच्या मधोमध ठेवलं. "अविनाश, मागं बस. लिंबू फुटलं तर गाडी तुजी, कुणाला बी दे. लिंबाच्या अलीकडं थांबली तर माजी, आन् परत ह्यो विषय काडायचा न्हाय."

खंडेनवमीला सगळा मुलूख लिंबू चिरडतो, आणि ही बाई न चिरडण्याची पैज लावत होती. सासूबाईंनी डोळे मिटले. बॅटरीच्या गाडीला आवाज नसतो. उतारावरून येताना नुसत्या सिस्टरांच्या बांगड्या वाजल्या. गाडी आली, चाक लिंबाला टेकलं, लिंबू जरासं हललं आणि तिथंच राहिलं. मागं अविनाशनं दोन्ही मुठींत आईचा पदर घट्ट धरला होता. तो सोडायचं त्याच्या लक्षातच आलं नाही. गल्लीत जो दंगा झाला तो चौकात ऐकू गेला.

दुपारी सासूबाईंना उलगडा झाला आणि त्या रडवेल्या होऊन शेजारी गेल्या. "सिस्टर, ते तेल..." सिस्टरांनी त्यांच्या पानात पुरणपोळी वाढली. "वैनी, म्हाईत हाय मला. पुढच्या वर्षी हेडलाइटला लावा. तिथं किती बी लावा."

तेव्हापासून आमच्या गल्लीची खंडेनवमी वेगळी झाली. दर वर्षी सासूबाईंनी लिंबू ठेवायचं, सिस्टरांनी उतारावरून यायचं, अविनाशनं पुण्याहून येऊन मागं बसायचं. पुढची दोन वर्षंही लिंबू शाबूत राहिलं. सिस्टर वस्त्यांवर जात राहिल्या, रविवारी मला शेजारी बसवून पुसायला शिकवत राहिल्या.

गेल्या वर्षी ब्रेक मी साफ केला होता. सिस्टरांनी स्टेथोस्कोप लावून तो पास केला होता. त्या उतारावरून आल्या, आणि लिंबू फुटलं. अगदी बारीक आवाज झाला. कुणी म्हणालं, रस्त्यावर वाळू होती. अविनाश, ज्याला गाडी विकायची होती तोच, मागून म्हणाला, "आई, लिंबूच लहान होतं. पुन्हा ये." सासूबाई दुसरं लिंबू आणायला घरात पळाल्याही.

सिस्टर उजव्या हाताची बोटं उघडून मिटून बघत होत्या. "ब्रेक बराबर हाय," त्या मला म्हणाल्या. "हात उशिरा आला." सासूबाई लिंबू घेऊन आल्या, तर त्यांनी ते घेतलं नाही. "लिंबू दुसरं मिळंल, वैनी. लेकरू मिळायचं न्हाय." आणि किल्ली काढून त्यांनी माझ्या हातात ठेवली. कुणी मागितली नव्हती. मी तिथंच रडले, आणि त्यांनी मला सगळ्यांसमोर झापलं, की ओल्या हातानं किल्ली धरू नकोस.

दिवाळीनंतर त्या अविनाशकडं पुण्याला गेल्या. जाताना स्टेथोस्कोप आता माझ्या झालेल्या गाडीच्या हँडलला अडकवून गेल्या. मला धास्ती होती ती चार भिंतींची. पण महिन्याभरातच अविनाशचा फोन आला, की सोसायटीच्या गेटपाशी डबे पोचवणाऱ्यांच्या बॅटरीच्या गाड्या रांगेनं उभ्या राहतात आणि आई प्रत्येकीचा केसपेपर काढते. तक्रारीच्या सुरात सांगत होता, पण हसत होता.

मला रविवारी त्यांचा फोन येतो. मी फोन चाकाजवळ धरते आणि चाक फिरवते. त्या पुण्याहून ऐकतात. एकदा म्हणाल्या, "पॅड संपत आलेत." मी बॅटरी मारून पाहिलं, तर खरंच नाण्याएवढे राहिले होते.

यंदाच्या खंडेनवमीला उतारावरून मी आले. सासूबाई मागं बसल्या होत्या, डोळे मिटून, माझा पदर धरून. मी थांबले. फोनवर सिस्टरांनी विचारलं, "किती अलीकडं थांबलीस?"

"दोन हात," मी म्हणाले.

"भितीस," त्या म्हणाल्या. "पर ऱ्हाऊ दे. भिणारं माणूस घरी येतंय."