पॅनमधली साखर

हे मी बायकोलाही सांगितलं नाही. ती गेली, तेव्हाही नाही. तुम्हाला का सांगतोय — कोण जाणे.

श्रीरामपूरकडून आमच्या कारखान्यावर यायला लागलात, की फाट्यावर स्तंभ दिसतो. वर आवळलेली मूठ, खाली नावं. लाठीमारात मेलेल्या शिवरामचं आधी, मग आम्हा डोकी फुटलेल्यांची. दरवर्षी पहिला हार मी घालतो. लोक कौतुकानं पुढं करतात — आणि मी पुढं होतो.

लाठीमार झाला त्या हंगामात उकळता रस सांडून एक मजूर भाजला. साहेबांनी त्याला दवाखान्यात न्यायचं सोडून गेटबाहेर काढलं. असं आधीही झालं होतं. त्या दिवशी मात्र आम्ही सगळे हातातलं काम टाकून बाहेर पडलो. साखर शिजवायचा पॅन भरलेला होता. तो तसाच राहिला, तर आतली साखर दगडासारखी धरते आणि कारखाना ठप्प होतो. साहेबांना भीती होती ती एवढीच. म्हणून ठरलं — कुणी आत जायचं नाही.

मी गेलो. भर दुपारी, मळीच्या टाकीमागून. मला कुणी फोडलं नव्हतं हो. पॅनवाला होतो मी — दाणा माझ्या हातचा, सुरेख पडलेला. तो वाया जाताना बघवेना. हसू येतं ना? पॅन खाली सोडून रिकामा केला आणि परत गेटवर येऊन घोषणा देत बसलो.

साहेबांची धास्ती संपली. संध्याकाळी त्यांनी पोलीस बोलावले. शिवराम तेव्हाच गेला.

पॅन रिकामा झाल्याचं पुढे सगळ्यांना कळलं. तो सोडता येणारे आम्ही दोघंच — मी आणि माझा जोडीदार याकोब. माझं डोकं फुटलेलं. मग संशय कुणावर जाणार? लोकांनी त्याच्या दारावर शेण मारलं. मी मारलं नाही. मी गप्प बसलो — ते त्याहून वाईट, हे मला तेव्हाही कळत होतं. पुढे मागण्या मान्य झाल्या, तोवर याकोब बायकापोरं घेऊन गाव सोडून गेला होता.

यंदा हार घातल्यावर त्याचा मुलगा भेटला. याकोब वारला म्हणे. पोरगा वाकून पाया पडला.

“काका, बाबा तुमची लई आठवण काढायचे. समदे उलटले, पर तुमी त्यांना एक शबूद बोलला न्हाई.”

मग तो स्तंभावरची नावं वाचत राहिला, वरून खाली, पुन्हा वरून. काय शोधतोय, हे मी विचारलं नाही. त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि घरी आलो.